टोपोलिनोची बॉडी, पद्मिनीचं इंजिन

फियाट ५०० म्हणजे ‘टोपोलिनो’ ही तिच्या काळातल्या सगळ्यात छोट्या मोटारींपैकी एक. दान्ते जाकोसा या तरुण इंजिनिअरने ती आखली. १९३६ ते १९५५ अशी जवळजवळ वीस वर्षं ती तयार होत राहिली. सुरुवातीचं इंजिन ५६९ सीसीचं, १३ अश्वशक्तीचं. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर दोन मीटर आणि रुंदी जेमतेम १.२८ मीटर. अमेरिकेत १९५० आणि ६० च्या दशकांत शर्यतवाल्या पोरांनी हीच बॉडी हेरली, कारण ती वजनाला खूपच हलकी होती. तिच्याखाली त्यांनी आपली चासी आणि दांडगी इंजिनं बसवली. आपल्याकडे इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ मध्ये ‘मीरा’ नावाची चिमुकली मोटार स्वतः बांधली आणि पुढे १९७० च्या दशकापर्यंत तिची नवनवी रूपं काढली. त्यांनी बॉडीसुद्धा स्वतःच घडवली होती. आपलं काम त्या मानाने सोपं आहे. बॉडी तयार मिळते, बाकीची गाडी तिच्याखाली उभी करायची आहे.

पालघर-बोईसर पट्ट्यात हे काम चांगलं होतं, कारण त्याला लागणारे हात इथे आहेत. तारापूर एमआयडीसीत फॅब्रिकेटर, लेथवाले, टाक्यांना फायबर लावणारे आणि पाइपलाइनवर सिक्स-जी परीक्षा पास झालेले वेल्डर भेटतात. फक्त कारखान्यांची शटडाउनची कामं चालू असताना चांगला वेल्डर मिळायचा नाही. तो महिना पत्र्याच्या कामाला ठेवा.

सगळ्या कृतीचं सूत्र एकच: मापं बॉडीवरून घ्यायची आणि चासी तिच्या मापाने बांधायची. तयार चासीवर बॉडी बसवायला गेलात, की फायरवॉल कापा, फ्लोअर कापा, दाराखालचा सिल कापा असं सुरू होतं आणि शेवटी जिच्यासाठी एवढं केलं ती बॉडीच उरत नाही.

कुठली बॉडी घ्यावी

जिची चासी, इंजिन आणि कागद तिन्ही गेलेले आहेत अशीच बॉडी घ्या. टोपोलिनो पूर्ण असेल, मूळ इंजिन जाम का होईना पण जागेवर असेल, आरसी बुक असेल, तर तिला कटिंग व्हील लावू नका. ती मूळ रूपात दुरुस्त करा, किंवा करणाऱ्याच्या हाती द्या. अशा गाड्या आता मोजक्याच उरल्या आहेत.

बॉडी बघायला जाताना खिशात लहान चुंबक, टोकदार स्क्रू ड्रायव्हर आणि टेप ठेवा. चुंबक पत्र्यावरून फिरवत न्या. जिथे तो धरत नाही तिथे आत लांबी भरलेली आहे. मग दाराच्या बिजागऱ्यांचे खांब, सिल आणि फायरवॉलचा तळ स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. फ्लोअर पूर्ण गेलेला असला तरी चालतो, तो नवा करता येतो. बिजागरीचा खांब गेला असेल तर दुसरी बॉडी शोधा, कारण दाराची रेषा त्याच्यावर उभी असते.

कापण्याआधी कागद

ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येणार नाही हे आधीच समजून घ्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा फेरफार वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पक्कं केलं. जुन्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले. त्यात नवी नोंदणी २०,००० रुपयांत, दहा वर्षांसाठी होते आणि पाटीवर ‘व्हीए’ अशी अक्षरं मिळतात. पण गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी आणि तिची चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. आपल्या गाडीत चासी आणि इंजिन दोन्ही नवी आहेत, म्हणजे हे दार बंद. ज्या गाडीचे भाग काढणार तिच्या आरसीवर ही चालवणं तर सरळ गुन्हा.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने भंगारातून छोटी चारचाकी बनवली, तिचं देशभर कौतुक झालं. आनंद महिंद्रांनी २०२२ मध्ये ती घेऊन त्याला बोलेरो दिली, ती देऊ करतानाच त्यांनी सांगितलं होतं की नियमात बसत नसल्याने ही गाडी आज ना उद्या अडवली जाईल. तेव्हा आपली गाडी प्रदर्शनासाठी, खाजगी आवारासाठी, वाडीच्या आतल्या रस्त्यासाठी आहे असं ठरवूनच बांधा, आणि कुठे न्यायची असेल तर फ्लॅटबेडवर न्या.

दुसरा कागद भागांच्या गाडीचा. अख्खी गाडी विकत घेऊन मोडत असाल तर कलम ५५ प्रमाणे चौदा दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवून तिची नोंदणी रद्द करून घ्या. आपल्या जिल्ह्यातल्या गाड्यांसाठी एमएच ४८ चं वसईचं कार्यालय, मुंबईची गाडी असेल तर तिकडचं. सुटे भाग घेत असाल तर इंजिन नंबर लिहिलेली पावती मागा. पावती देत नाही त्याच्याकडून इंजिन घेऊ नका.

ओम्नी की पद्मिनी

भागांच्या गाडीसाठी पहिला विचार ओम्नीचा येतो. ती २०१९ पर्यंत बनत होती, ढिगाने मिळते, इंजिन ७९६ सीसीचं आणि हलकं. पण तिच्या पुढच्या सस्पेन्शनचे स्ट्रट उंच असतात. त्यांना वर घट्ट आधार लागतो, आणि टोपोलिनोच्या चिंचोळ्या नाकात आणि बुटक्या मडगार्डात तो आधार लपत नाही. शिवाय ओम्नीचा ड्रायव्हर पुढच्या चाकांवर बसतो, त्यामुळे तिचं स्टीअरिंग जवळजवळ उभं असतं. ते लांब करून आडवं करायचं म्हणजे वेगळाच खटाटोप.

माझं मत प्रीमियर पद्मिनीच्या बाजूने आहे. कुर्ल्याला बनलेली ही गाडी मुळात फियाट ११००. इंजिन १०८९ सीसीचं, लांबीच्या दिशेने बसवलेलं, पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद अशी सरळ मांडणी. पुढे आडव्या विशबोनचं सस्पेन्शन, ते बुटकं असल्याने बोनेटच्या रेषेखाली राहतं. मागे साध्या पाट्यांच्या स्प्रिंग. चाकं १४ इंची, टोपोलिनोच्या मूळ १५ इंचीला डोळ्यांनी जवळची. काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली, पण तिचे भाग कुर्ल्याच्या भंगार बाजारात शोधणाऱ्याला अजून सापडतात. इंजिन, गिअरबॉक्स, पुढचा क्रॉसमेंबर, मागचा ॲक्सल, स्टीअरिंग बॉक्स आणि पेडल हे सगळं एकाच गाडीचं घ्या. चार गाड्यांचे भाग जुळवायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात चासी बांधून होते.

पद्मिनी मोडण्याआधी एक माप घ्यायचंच. गाडी सपाट जमिनीवर, चारही टायरात सारखी हवा भरून उभी करा आणि पुढचा क्रॉसमेंबर मागे किती अंश झुकला आहे ते अँगल गेजने मोजून वहीत लिहा. स्टीअरिंग सोडलं की चाकं आपोआप सरळ होतात, ते या झुकावामुळे. हे माप हुकलं तर नंतर अलाइनमेंटवाल्याच्या हातातही फारसं काही उरत नाही.

बॉडीला आधार आणि मापं

टोपोलिनोचं छत बहुतेक कापडी असतं, त्यामुळे वरून बॉडीला बांधणारं काहीच नाही. फ्लोअर काढला की ती उघडते, दारं बसेनाशी होतात. म्हणून आधी दारं जागेवर नीट बसवा, फटी सगळीकडे सारख्या करा. मग २० मिलिमीटरचा चौकोनी पाइप दारांच्या चौकटीत आडवा आणि तिरका टॅक मारून लावा. दोन्ही बाजूंच्या खांबांमध्येही एक आडवा द्या. हे आधार बॉडी चासीवर पक्की होईपर्यंत काढायचे नाहीत.

आता लेव्हल. शेडची फरशी कितीही सपाट दिसली तरी तिच्यावर भरवसा ठेवू नका. दोन सरळ आय-बीम समांतर ठेवा, खाली पॅकिंग देऊन पाण्याच्या पारदर्शक नळीने चारही टोकं एका पातळीत आणा. तुमचा सगळा हिशोब या दोन बीमवर चालेल. त्यांवर घोडे लावून बॉडी उभी करा, सिल जमिनीला समांतर. बॉडीची मधली रेषा ओळंब्याने खाली उतरवा आणि दोरी ताणून कायम ठेवा. पुढच्या प्रत्येक कंसाचं अंतर या दोरीपासून मोजायचं, कडेपासून नाही. जुन्या बॉडीची डावी-उजवी बाजू क्वचितच सारखी असते.

मग चाकं नुसती शेजारी उभी करा आणि दहा पावलं मागे जाऊन बघा. चाक मडगार्डच्या कमानीच्या मधोमध दिसलं पाहिजे, सिल जमिनीपासून किती वर हवा ते इथेच ठरतं. चासीच्या खाली १५ सेंटिमीटर मोकळे राहू द्या. इंजिनची जागा ठरवायला थर्मोकोलचा ठोकळा कापून घ्या, संप आणि पंख्यासकट. तो बोनेटखाली पुढेमागे सरकवून बघता येतो. दीडशे किलोचं लोखंड चेनपुलीला टांगून तसं करता येत नाही. पंखा आणि रेडिएटर यांत दोन बोटं तरी फट ठेवा.

चासी

८० गुणिले ४० चा, तीन मिलिमीटर जाडीचा आयताकृती पाइप या गाडीला पुरतो. मीटरला साधारण साडेपाच किलो भरतो. लांबीच्या दोन रेल आणि पाच आडवे तुकडे धरले तर दहा मीटरच्या आसपास माल लागतो, म्हणजे चासीचं वजन पंचावन्न किलोच्या घरात राहतं. याहून जाड पाइप सुचवणारे बरेच भेटतील. हलकी बॉडी निवडली ती लोखंडाखाली दाबायला नाही.

पद्मिनीच्या चाकांतलं अंतर २.३४ मीटर, आपलं दोन मीटर. म्हणजे ३४ सेंटिमीटर कमी झाले. प्रोपेलर शाफ्ट त्या हिशोबाने लेथवर आखूड करा आणि बॅलन्स करून घ्या. हाताने वेल्ड मारलेला शाफ्ट तसाच बसवला तर कंप सुटतो आणि गिअरबॉक्सचं मागचं बेअरिंग जातं. आणखी एक परिणाम होतो: चाकांतलं अंतर घटल्याने अगदी तीव्र वळणात पुढचे टायर थोडे घासतात. तेवढ्यासाठी स्टीअरिंगचे हात तापवून वाकवू नका. ते ओतीव किंवा फोर्ज केलेले असतात, तापवले की त्यांचा जोर जातो.

पाइप कापा, गुण्यात लावा, बीमवर क्लॅम्प करा आणि फक्त टॅक मारा. दोन्ही कर्ण मोजा. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर टॅक तोडून पुन्हा लावा. पुढचा क्रॉसमेंबर वहीतल्या झुकावाने बसवा, मागच्या स्प्रिंगचे कंस दोरीपासून दोन्हीकडे सारखे. इंजिन, ॲक्सल, चाकं सगळं जोडून चासी जमिनीवर उतरवा, वर बॉडी ठेवून बघा. दारं अजून सहज लागतात ना? स्टीअरिंगचा दांडा पेडलला अडत नाही ना? सगळं पटलं की मगच पुन्हा मोकळं करून पूर्ण वेल्ड मारा. एका बाजूला सलग वेल्ड मारला तर पाइप ओढला जातो, म्हणून थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, थोडं वर, थोडं खाली असं करत जा आणि थंड होऊ द्या. रेलमध्ये बोल्ट घालायचा तिथे आरपार नळी वेल्ड करा, नाहीतर बोल्ट आवळताना पाइप चेपतो. सस्पेन्शन आणि स्टीअरिंगच्या कंसांवरचे वेल्ड अनुभवी वेल्डरकडूनच करून घ्या आणि डाय पेनिट्रंटने तपासा. एमआयडीसीत हे तपासणारे सहज मिळतात.

पद्मिनी नऊशे किलोच्या आसपासची, आपली गाडी साडेसहाशेच्या पुढे जाऊ नये. म्हणजे स्प्रिंग कडक पडणार. मागच्या पाट्यांतली एकेक लहान पाटी काढून बघा. सगळ्यात लांब, डोळेवाली पाटी तशीच राहू द्या. पुढची कॉइल अर्ध्या वेढ्याने कापायची असेल तर कटिंग व्हीलने, गॅसने कधीच नाही. कॉइल काढताना स्प्रिंग कॉम्प्रेसर लावा. दाबलेली कॉइल निसटली तर हात जातो.

ब्रेकचे पाइप नवे आणि स्टीलचे, तोंडं डबल फ्लेअर केलेली. वाकवायला सोपा म्हणून तांब्याचा साधा पाइप लावतात, तो लावू नका. कंपाने तो चिरतो. मास्टर सिलिंडर दोन भागांचा घ्या.

बॉडी आणि चासी यांच्या मध्ये रबर हवं. कन्व्हेयर बेल्टचे दहा मिलिमीटर जाडीचे तुकडे इथल्या भंगारात किलोवर मिळतात, ते उत्तम.

पत्रा, गंज आणि फायबर

नवापूर, सातपाटी, केळवे इथली खारी हवा आणि एमआयडीसीतला आम्लाचा वास, दोन्ही पत्र्याचे वैरी. रंग काढून उघडा केलेला पत्रा पावसाळ्यात रातोरात तांबूस होतो. म्हणून हे काम दिवाळीनंतर घ्या, आणि एका दिवसात जेवढं अस्तर मारून होईल तेवढाच भाग उघडा करा.

तारापूरला पिकलिंगची टाकी सहज उपलब्ध असते म्हणून बॉडी आम्लात बुडवण्याचा मोह होईल. बुडवू नका. घड्या आणि दुहेरी पत्र्यांच्या आत आम्ल राहतं आणि वर्षभराने रंगाखालून फुगे येतात. सँडब्लास्टिंग चासीला करा. बॉडीच्या सपाट भागांवर वाळू मारली तर पत्रा ताणला जाऊन लाटा उठतात, तिथे पेंट रिमूव्हर आणि खरवडणी हाच मार्ग. निघालेला रंग आणि रिमूव्हर डब्यात साठवा, नाल्यात ओतू नका. तारापूरच्या सांडपाण्याने खाडी आणि मासळीचं काय झालं हे इथल्या मच्छीमारांना विचारावं, ते हरित लवादापर्यंत गेले आहेत.

फ्लोअरसाठी २० गेजचा सीआर पत्रा घ्या. जेएसडब्ल्यूच्या तारापूर कारखान्यात जस्त चढवलेला पत्रा तयार होतो आणि गंजाला तोच चांगला, पण तो वापरायचा तर वेल्डच्या दोन्ही बाजूंचं दोन सेंटिमीटर जस्त आधी घासून काढा आणि शेडची दारं उघडी ठेवा. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

आता रुंदीचा प्रश्न. पद्मिनीची चाकं टायरसकट मूळ मडगार्डच्या बाहेर दोन्हीकडे चार-पाच सेंटिमीटर येतात. टोपोलिनोचे मडगार्ड सुटे आणि बोल्टने लावलेले असतात, आणि इथे त्याचा फायदा होतो. मूळ मडगार्ड काढा, साफ करून तेल लावून गुंडाळून ठेवा. त्यांच्यावरून साचा काढून फायबरचे, पाच सेंटिमीटरने जास्त रुंद मडगार्ड बनवा. मूळ पत्र्याला एकही काप लागत नाही.

साच्याला वॅक्सचे थर चोळून द्या, वर पीव्हीए मारा, मग जेलकोट. जेलकोटला बोट लावल्यावर चिकटतो पण बोटाला रंग येत नाही, ती वेळ पकडून ४५० ग्रॅमच्या मॅटचे थर रेझिनने ब्रशने ठोकत बसवा. बुडबुडा दिसला की रोलरने कडेला ढकला. तीन थर पुरे, बोल्टच्या जागी पाच. सगळ्यात महत्त्वाचं: कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण घोळा, नंतर हार्डनर घाला. दोन्ही थेट एकमेकांत ओतले तर भडका उडतो, स्फोटही होतो. दोन बाटल्या शेडच्या दोन कोपऱ्यांत ठेवण्याची शिस्त हवी. उन्हाळ्याच्या दुपारी हार्डनर एक टक्क्यापर्यंत आणा, नाहीतर रेझिन डब्यातच गोठतं.

रंगाबद्दल थोडकंच. इपॉक्सी अस्तर, पातळ लांबी, पाणी पेपर, मग रंग. लांबी तीन मिलिमीटरपेक्षा जाड लागत असेल तर पत्रा अजून ठोकायचा बाकी आहे.

वायरिंग, टाकी, काच

प्रत्येक सर्किटला वेगळा फ्यूज, हेडलाइटला रिले, आणि इंजिनपासून चासीला व चासीपासून बॉडीला अर्थची जाड पट्टी. मधलं रबर आणि फायबर करंट नेत नाहीत, म्हणून फायबरच्या मडगार्डवरच्या दिव्याला स्वतंत्र अर्थ वायर द्या. पहिल्या टोपोलिनोत पेट्रोलची टाकी पुढे, डॅशबोर्डजवळ असे. आता ती मागे न्या, मध्ये पत्र्याची भिंत घाला. पुढची काच लॅमिनेटेडच, ती मापाने कापून मिळते. सीटबेल्टचे बोल्ट बॉडीच्या पत्र्यात नाही, चासीला वेल्ड केलेल्या कानांत.

पहिली फेरी

बोईसर-चिल्हार रस्त्यावर किंवा नवापूरच्या वाळूत नाही. एक कारण कायद्याचं, दुसरं खाऱ्या पाण्याचं. मालकाची परवानगी घेऊन एखाद्या बंद आवारात, रविवारी, अग्निशामक जवळ ठेवून करा. आधी गाडी घोड्यांवर ठेवून इंजिन वीस मिनिटं चालवा. तेल, पाणी, पेट्रोल कुठे झिरपतं ते कोरडा कागद फिरवून बघा. मग चालण्याच्या वेगाने ब्रेक, मग थोडा वेग वाढवून. मागची चाकं आधी जाम होऊन फरफटत असतील तर पाठीमागे वजन कमी पडतं आहे. बॅटरी मागे हलवा, तरीही होत असेल तर मागच्या ब्रेकला दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावा. ब्रेक नीट होईपर्यंत वेगाची कसली परीक्षा घेऊ नका.

पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर सगळे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा आणि प्रत्येकावर रंगाची आडवी रेघ ओढा, म्हणजे पुढच्या वेळी ढिला झालेला नुसत्या नजरेने दिसतो. क्रॉसमेंबर आणि स्टीअरिंग बॉक्सच्या कंसांचे वेल्ड बॅटरीच्या उजेडात तपासा. आणि मे संपायच्या आत चासीच्या पाइपात, सिलच्या पोकळीत, दारांच्या तळाशी कॅव्हिटी वॅक्स मारून घ्या. पाणी निघायची भोकं मात्र मोकळी ठेवा.